ताकसांडे साहेबांचं प्राग

प्रफुल ताकसांडे युरोपला जाऊन आला त्याला वर्ष होत आलं होतं, पण तो अजून विमानातून खाली उतरला नाही, असं प्रमिलाबाईंचं स्पष्ट मत होतं. अकरा दिवसांत आठ देश. त्यातले निम्मे बसच्या काचेतून पाहिलेले आणि उरलेले पुढच्या माणसाच्या खांद्यावरून. पण परत आला तो अशा थाटात, की तिकडचे किल्ले जणू यानंच बांधून दिले होते. जिल्हा परिषदेतून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेला हा माणूस जन्मभर 'मले-तुले' बोलला आणि विमानतळावरून थेट 'मला-तुम्हाला' करत घरी आला. वर्ध्याच्या एप्रिलात, जिथे दुपारी कुत्रीसुद्धा नालीत जाऊन पडतात, तिथे हा डोक्यावर स्वित्झर्लंडची जाड टोपी घालून भाजी आणायला जायचा. घामाची धार कानामागून वाहायची, पण टोपी निघायची नाही.

प्रमिलाबाईंना मूर्ख माणसांची पहिल्यापासून चीड. सेवाग्रामच्या दवाखान्यात चौतीस वर्षं नोकरी, त्यातली शेवटची नऊ वर्षं वॉर्डाची मुख्य सिस्टर म्हणून. त्या वॉर्डात शिरल्या की पेशंटचे नातेवाईक उगाचच उठून उभे राहायचे. असल्या बाईच्या नशिबी हा माणूस धाकट्या बहिणीचा, जिजाचा, नवरा म्हणून आला होता. त्याला 'जावईबापू' म्हणताना त्यांच्या जिभेला कडू लागायचं.

आणि आता तो सल्ला द्यायला आला होता.

कारण असं, की प्रमिलाबाईंची मुलगी मेघा पाच वर्षांपासून प्रागला होती, एका औषधाच्या प्रयोगशाळेत. तिनं मे महिन्यात सगळ्यांना बोलावलं होतं. प्रमिलाबाई, त्यांचे यजमान अण्णाजी, मुलगा राकेश, सून मोनाली आणि सहा वर्षांची नात स्वीटी. व्हिसा आला, ही बातमी वर्ध्याला पोचली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ताकसांडे साहेबांची स्कूटर सेवाग्रामच्या घरासमोर उभी.

"लिहून घेण्याची गरज नाही, ताई. मी छापूनच आणलंय."

कागद प्लास्टिकमध्ये बंद केलेला होता. वर ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'ऐतिहासिक युरोपीय शहरात सहकुटुंब जाताना घ्यावयाची दक्षता : एकूण ४१ सूचना'.

एक्केचाळीस! पोट फाडलेल्या पेशंटला घरी सोडतानाही आम्ही आठ-दहात आटपत होतो, प्रमिलाबाईंच्या मनात आलं. त्या समोर बसल्या आणि हाताची घडी घातली.

प्रफुल वाचू लागला. साडी नेसू नये, लोक पाहतात. मोठ्यानं बोलू नये. विमानतळावर ओळखीचं कोणी भेटलं तर लांबून ओरडून 'जयभीम' घालू नये, हळूच मान हलवावी. नळाचं पाणी तोंडाला लावू नये. तांदूळ, डाळ आणि छोटा कुकर सोबत ठेवावा. ट्रामच्या तिकिटाचा फार विचार करू नये, तिथे कोणी विचारत नाही. पैसे बदलण्याचा व्यवहार फक्त पुरुषांनी करावा, कारण बायकांना तिथे फसवतात. बायकांना क्षणभरही एकटं सोडू नये.

"आणि ही एकोणतिसावी जरा महत्त्वाची आहे." त्यानं अण्णाजींकडे पाहिलं, पण बोलला प्रमिलाबाईंशी. "गुडघेदुखी असलेल्या वृद्धांना शक्यतो घरीच ठेवावं. सगळा दगडी रस्ता आहे, ताई. चढच चढ. अण्णाजींमुळे तुमची सगळ्यांची ट्रीप खराब होईल. आणि तिथले म्हातारे कसे ताठ चालतात! हे असे पाय ओढत गेले, तर आपल्या देशाची काय इज्जत राहील?"

अण्णाजी पोस्टात होते. आडगावांच्या वाटेनं पंचवीस वर्षं सायकल चालवून त्यांचे गुडघे गेले होते. ते खरोखरच विचारात पडले. थोड्या वेळानं म्हणाले, "बरोबर आहे जावईबापूचं. मी राहतो ना घरी. घराले कुलूप बी लागणार नाई."

प्रमिलाबाईंनी प्रफुलच्या हातातला कागद घेतला आणि टीव्हीवर टाकला. "झाला तुमचा चहा?" त्यांनी विचारलं. चहा अजून आलाच नव्हता.

त्या दिवशी त्यांनी मेघाला फोन लावला आणि एकेक सूचना वाचून दाखवली. मेघा तिकडे हसून हसून लोळली. मग म्हणाली, "मम्मी, तो कागद फेकून दे. साडी नेस, काही होत नाई. नळाचं पाणी आम्ही रोज पेतो. कुकर कायले आणतेस, माह्याजवळ दोन आहेत. पण तूप आणि पेढे नोको आणजो. दुधाचं काही आत येऊ देत नाईत."

"आणि तिकीट?"

"तिकीट काढाच लागते. आणि नुसतं काढून नाई होत, ट्राममध्ये चढल्यावर पिवळ्या डब्यात घालून त्याच्यावर ठप्पा घ्या लागते. साध्या कपड्यातले चेकर फिरतात, ते पाहुणा-बिहुणा पाहत नाईत. स्वीटीचं तिकीट नाई. पप्पाइचं पण नाई, त्याहीचं वय पासष्टच्या वर आहे ना. फक्त पासपोर्ट खिशात पाह्यजे."

"त्याइच्या गुडघ्याचं काय?"

"त्याची सोय आहे. किल्ल्यावर पायऱ्या चढून जायचंच नाई. बावीस नंबरची ट्राम वरपर्यंत जाते. वर उतरायचं आणि निवांत पाहत-बसत थोडं थोडं खाली यायचं. पुलावर सकाळी आठच्या आत जाऊ, मग गर्दी होते. दुपारी दोन घंटे घरी झोपायचं, नाई तर स्वीटीही रडंल आणि तूही चिडशील. फक्त त्याइले आत्ताच बूट घेऊन दे. जाड तळाचे, मऊ. आणि रोज घालून चालू दे. नवे बूट घालून आले तर दुसऱ्या दिवशी पायाले फोड."

म्हणजे अख्खं शहर पाच मिनिटांत सांगून झालं. प्रमिलाबाईंना त्या एक्केचाळीस सूचनांचा आणखीच तिटकारा आला.

दुसऱ्या दिवसापासून अण्णाजी सकाळी सहाला बूट घालून निघू लागले. आश्रमाच्या फाटकापर्यंत जायचं आणि परत. पहिल्या दिवशी वाटेत चारदा बसले. आठव्या दिवशी एकदाच. स्वीटी आजोबांच्या पुढे धावायची आणि मागे वळून ओरडायची, "आबा, ट्राम चालली जाईन!"

त्याच आठवड्यात जिजा आली. तिनं मेघासाठी गोरसपाकाची बिस्किटं आणली होती आणि तिखट चिवडा. बिस्किटं चालतात, हे तिला कोणी सांगितलं कोण जाणे, पण तिनं विचारून घेतलं असावं. ती तशीच होती. नवऱ्याच्या मागे दोन पावलं चालायची, पण रस्ता तिलाच ठाऊक असायचा. दोघी बहिणी स्वयंपाकघरात बसून वांगी चिरत होत्या, तेव्हा प्रमिलाबाईंनी सहज विचारलं, "काय वं जिजा, तुम्ही दोघांनी प्रागमध्ये पाह्यलं तरी काय? जावईबापू एवढं सांगतात, पण त्या शहराचं नाव निघालं की दुसऱ्याच गावात शिरतात."

जिजा हसली. मग तिनं दाराकडे पाहिलं, जसं काही नवरा वर्ध्याहून ऐकत होता.

"ताई, कोणाजवळ बोलजो नोको. आम्ही तिथं हरवलो होतो."

"तू हरवलीस?"

"मी कायले हरवते? हे हरवले. मी सोबत होती म्हणून मीही." तिनं सुरी खाली ठेवली. "एक माणूस आला, पैसे बदलून देतो म्हणे, बँकेपेक्षा जास्त. मी म्हटलं, नोको. तर मलेच डोळे वटारले. त्यानं नोटा देल्या, त्या दुसऱ्याच कोण्या देशाच्या निघाल्या, बंद झालेल्या. हे त्याच्या मागं पळाले, मी ह्याइच्या मागं. तो गल्लीत गायब. आणि आम्ही माघारी आलो तर आमचा झेंडेवाला गाईड गायब."

"मग?"

"मग काय. हे चर्चच्या पायरीवर बसले आणि रडाले लागले. माह्या पदराचं टोक असं मुठीत धरलं, ताई, लेकरासारखं, आणि सोडेच ना. एक रस्ता झाडणारी बाई होती, नारिंगी जाकीट घातलेली. मी तिले गाईडच्या नंबरचं कार्ड दाखवलं, हाताने फोनचं सोंग केलं. तिनं तिच्या फोनवरून लावला. गाईड म्हणे, बसले तिथंच बसा, चार घंट्यानं बस परत येईन. मी त्या बाईले चिवडा देला. ती खाता खाता तिखटानं रडाले लागली, पण पुडी काही परत करे ना!"

जिजा बोलत होती आणि तिचा चेहरा उजळत चालला होता. प्रमिलाबाईंनी तो असा कधी पाहिला नव्हता. तिथे म्हणे एक मोठं घड्याळ होतं. दर तासाला वरच्या खिडक्या उघडायच्या, आतून बाहुले फिरायचे, आणि बाजूचा हाडाचा सापळा घंटी वाजवायचा. लोक एकदा पाहून निघून जायचे. जिजानं ते चारदा पाहिलं. कुठला बाहुला कधी येतो ते तिला पाठ झालं. झाडणाऱ्या बाईनं तिला आपली घडीची खुर्ची आणून दिली. एक म्हातारा बाजा वाजवत होता, तो तिच्यासाठी म्हणून वेगळं गाणं वाजवून गेला.

"अकरा दिवसांत मी जे पाह्यलं ते त्या चार घंट्यांत पाह्यलं, ताई. बाकी सगळं धावपळच. पण ह्याइनं शपथ घातली, कोणाले सांगायचं नाई. म्हणून तुलेच सांगून राह्यली."

ती गेल्यावर प्रमिलाबाईंना दिवसभर हसू येत होतं. पदर धरून बसलेला उपअभियंता डोळ्यांसमोरून हलेना.

पुढच्या रविवारी वर्ध्याला निवृत्त कर्मचाऱ्यांच्या सभागृहात प्रफुलचं व्याख्यान होतं. आजकाल प्रत्येकाचं एक लेकरू बाहेर असतं, त्यामुळे पन्नास-साठ माणसं आली होती. काही कूलरसाठीही आली असतील. प्रमिलाबाई जाणार नव्हत्या, पण जिजानं गळ घातली. ती स्वतः मागे चहाच्या कपांजवळ उभी होती.

प्रफुल टोपी घालून उभा राहिला. पडद्यावर चित्रं पडू लागली. प्रत्येक चित्रात तोच. त्याच्यामागे कुठे मनोऱ्याचा तुकडा, कुठे पुलाचा कोपरा. लोक बिचारे मनोरा पाहायला माना वाकड्या करत होते.

"आता ज्येष्ठांचा प्रश्न," तो म्हणाला. "आपले अण्णाजीच घ्या. इथेच बसलेत. आता यांनी प्रागला जाण्याचा हट्ट धरलाय." लोकांनी वळून पाहिलं. अण्णाजी खुर्चीत नव्या बुटांसकट आत ओढले गेले. "हट्ट चांगला नाही, एवढंच मी म्हणेन."

प्रमिलाबाईंनी नवऱ्याच्या हातावर हात ठेवला, तो घामानं ओला होता.

"आणि बायकांचं तर विचारूच नका." आता प्रफुलला रंग चढला होता. "आमचीच गंमत सांगतो. प्रागमध्ये आमच्या सौभाग्यवती कुठेतरी बाहुल्यांचं घड्याळ पाहत राहिल्या आणि हरवल्या! मी अख्खं शहर पालथं घातलं. शेवटी एका चर्चच्या पायरीवर सापडल्या. लहान मुलीसारख्या रडत होत्या! मला पाहिलं आणि असा शर्ट धरला, की सोडायला तयार नाहीत!"

सभागृह हसलं. मागे जिजाही हसली, खाली मान घालून, कप सारखे करत.

प्रमिलाबाई उठल्या. त्या वॉर्डात जशा बोलायच्या तशाच बोलल्या, आवाज न चढवता, पण शेवटच्या खाटेला ऐकू जाईल असं.

"जावईबापू, एक प्रश्न आहे. त्या नोटा कोणत्या देशाच्या होत्या?"

"कोणत्या नोटा?"

"तुम्ही रस्त्यावर बदलून घेतल्या त्या. बंद झालेल्या. त्या माणसामागं तुम्ही पळाले ना, तवा हरवले. पायरीवर रडत कोण बसलं होतं? पदर कोणी धरला होता? आणि त्या झाडणारीच्या फोनवरून गाईडले कोणी बोलावलं?" त्या लोकांकडे वळल्या. "ज्याले प्रागले जायचं असन त्यानं जिजाले विचारा. ह्याइनं तिथं फक्त पायरी पाह्यली."

मग पहिल्या रांगेतला कोणी खोकल्यासारखा हसला, आणि मग सगळेच. प्रफुल पडद्यासमोर उभा होता, त्यामुळे त्याच्याच चित्रातला त्याचा चेहरा त्याच्या शर्टावर पडला होता. त्यानं टोपी काढली. डोक्यावर तिचा लाल वळ उमटलेला होता. तो बाजूच्या दारानं बाहेर गेला.

प्रमिलाबाईंना वाटलं होतं, जिजा गळ्यात पडेल. निदान डोळ्यांनी तरी हसेल. त्या मागे गेल्या, तर जिजाचा चेहरा पांढराफटक.

"तुले कोणी सांगतलं होतं?" तिनं दबक्या आवाजात विचारलं.

"अगं, तो तुह्यावर खोटं लावून राह्यला होता. सगळे तुले हसून राह्यले होते."

"हसू दे ना! मले सवय आहे. त्याइले नाई. आता घरी त्याइच्याजवळ मलेच राहावं लागते, तुले नाई." ती कप उचलू लागली. कप एकमेकांवर वाजत होते. "तू माह्यासाठी नाई उठली, ताई. तुले त्याइले खाली पाडायचं होतं. दवाखान्यात पेशंटच्या बायकांना चारचौघांत बोलत होतीस ना, तसंच. ते चार घंटे माहे होते. एवढंच माहं होतं त्या युरोपातलं. ते तू वाटून टाकलंस."

ऑटोत बसल्यावर अण्णाजी हळूच म्हणाले, "माह्यासाठी तू बोलली नाई ते बरं केलं."

मे महिन्यात ते गेले. जिजा नागपूरला पोचवायला आली नाही. प्रागला सगळं मेघानं सांगितल्यासारखं पार पडलं. अण्णाजी किल्ल्यावर ट्रामनं गेले आणि दुपारभर बसत-उठत खाली आले. एका चेकरनं त्यांचा पासपोर्ट पाहिला आणि हसून सलाम केला, ते त्यांनी प्रत्येकाला चार-चारदा सांगितलं. स्वीटीला किल्ल्यापेक्षा घसरगुंडी आवडली. प्रमिलाबाई नऊवारीत नाही, पण साध्या सुती साडीत सगळीकडे फिरल्या, आणि लोकांनी पाहिलंही असेल तर त्यांनी उलट पाहिलं.

फक्त चौकातल्या त्या घड्याळाकडे जायला त्या तयार होईनात. मेघानं कारण विचारलं, तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं, स्वतःची बाजू न सावरता. मेघानं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मावशीले बोलावू या का? एकटीले?"

परत आल्यावर प्रमिलाबाई वर्ध्याला गेल्या. दार प्रफुलनं उघडलं. टोपी नव्हती. "या," एवढंच म्हणाला आणि आत हाक मारली, "पाह्य वं, ताई आल्या." 'मला-तुम्हाला' कुठच्या कुठे गेलं होतं. प्रमिलाबाईंनी माफी मागायचं ठरवून ठेवलं होतं. पण त्याला समोर पाहिल्यावर त्यांना पुन्हा तीच चीड आली आणि माफी राहूनच गेली. त्यांनी जिजाला मेघाचं निमंत्रण दिलं. व्हिसाचे कागद मेघा पाठवणार होती.

जिजानं कागदाकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं नाही. "मी जाईन," ती म्हणाली. "एकटीच."

"एकटीनं जाताना..." प्रफुलनं सुरुवात केली.

जिजानं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तो पाणी आणायला आत गेला.

सप्टेंबरात ती गेली, बावीस दिवसांसाठी. जाण्याआधी तिनं प्रमिलाबाईंना एकदाच फोन केला. "ह्याइच्या जेवणाचं पाहजो. भाजी तिखट करजो नोको." राग गेला की नाही ते आवाजावरून कळलं नाही.

त्यामुळे आता रोज दुपारी बाराला ती स्कूटर सेवाग्रामला येऊन उभी राहते. प्रफुल अण्णाजींच्या खुर्चीशेजारी पाटावर बसतो, खाली पाहून जेवतो. प्रमिलाबाई वाढतात. माणूस मूर्खच आहे, भाजीत मीठ कमी असलं तरी सांगायची हिंमत नाही, असं त्यांना रोज वाटतं. परवा तो हात धुऊन निघाला आणि दारात थांबला.

"ताई, तिचा काही फोन?"

"मले नाई आला. तुम्हाले?"

त्यानं नकारार्थी मान हलवली. मग खाली उतरून स्कूटरला किक मारू लागला. ती लवकर सुरू होईना, आणि प्रमिलाबाई दारात उभ्या राहून पाहत राहिल्या.